मोर्चात कधी गेला होतात का? अनुभव लिहा

मोगरा:
काल भाचीने एका मोर्चाचं रील दाखवलं. ड्रोन, मागे ढोल, अर्ध्या मिनिटात खल्लास. १९७२-७३ ची महागाई आठवली एकदम. दुष्काळ, रेशनच्या रांगा. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकरांचा मोर्चा असला की आमच्या चाळीतल्या बायका झाकपाक करून थाळी-लाटणं घेऊन निघायच्या. समाजवादी कोण, कम्युनिस्ट कोण, चाळीला देणंघेणं नव्हतं. तेल-साखर मिळाली पाहिजे. थाळीला पोचे पडतात म्हणून आईने मोर्चासाठी जर्मनची वेगळी थाळी ठेवलेली. दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोत प्रत्येकीला आपलं डोकं शोधायचं असे. तुम्हीही लिहा. छापून काय आलं नि प्रत्यक्षात काय होतं, तेही.

झंप्या:
"पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" 😀 १९७७. पाणीवाली म्हणजे मृणालताई, निवडून आल्या; दिल्लीवाली इंदिरा गांधी, हरल्या. बाबा अजून म्हणतात.

माजी_बातमीदार:
तालुक्याला होतो. मोर्चाची बातमी फोनवर सांगितली की डेस्कवरून पहिला प्रश्न, "काही फुटलं का? लाठीमार?" नाही म्हटलं की सिंगल कॉलम, तोही जाहिरात आली नाही तर. आयोजक म्हणणार वीस हजार, पोलीस म्हणणार तीन. आम्ही "हजारो" लिहून मोकळे. आणि तो निवेदनाचा फोटो! कागद एक, धरणारे पंधरा, नायब तहसीलदार मधे चेपलेले. पंधराही नावं छापायची, नाहीतर सकाळी दारात हजर.

रानवारा:
^^ त्यातला चौदावा मी 😂 नुसता हात दिसतो.

सायनकर:
मार्च २०१८, किसान सभेचा लाँग मार्च. ६ ला नाशिकहून निघाले, ११ ला सोमय्या मैदानात. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर, पोरांचा खोळंबा नको म्हणून रात्रीच आझाद मैदानाकडे चालू पडले. माझी मुलगी त्याच परीक्षेला. सोसायटीतून पाणी, बिस्किटं नेली. एका आजीच्या टाचा फुटून रक्त येत होतं. चपला देऊ केल्या तर म्हणाली, "नवी चप्पल जास्त लागती, फडकं असलं तर दे." बांधलं आणि निघाली. सुरुवातीला चॅनेलवाले फारसे दिसले नव्हते. पावलांचे फोटो फिरले तशी ओबी व्हॅनची रांग. वनहक्क कायदा २००६ चा, तरी कसतात ती जमीन नावावर नाही, हे मला त्या आजीकडून कळलं. घरी दोन पेपर येतात.

अनुताई:
मुलीला किती पडले?

सायनकर:
तो विषय नको 🙏

गोदाकाठ:
मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या, नामांतराच्या लढ्याचं कुणीच लिहिलं नाही? १९७८ च्या जुलैत ठराव झाला नि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या. आजोबांचं घर त्यात गेलं. ते सांगायचे, पेपरात जिल्ह्याचं नाव आलं, गावाचं नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तोवर ते गेले होते. वडील मात्र बाबासाहेबांचं नाव असलेली कमान बघायला मुद्दाम विद्यापीठात गेले, मला खांद्यावर घेऊन. बाकी नंतर लिहिते, पोळ्या व्हायच्यात.

मोगरा:
सावकाश लिही गं. पण लिही नक्की.

कोथरूडी:
२०११, अण्णांच्या वेळी मीही टोपी घालून चौकात. चाळीस टाळकी, दोन चॅनेल. कॅमेरा आला की वंदे मातरम, गेला की भेळ. रात्री टीव्हीवर "जनसागर".

माजी_बातमीदार:
कॅमेरामन खाली बसून घेतो, चाळीसाचे चारशे दिसतात. जुनी युक्ती.

रानवारा:
भेळ ओली का सुकी?

कोथरूडी:
ओली. घोषणा देऊन घसा बसलेला, सुकी कशी उतरणार?