फ्रेंच लोक गूगल वापरत नाहीत म्हणे!

रेनवासी:
परवा इथे ‘देशी बाणा’ यांनी लिहिलं होतं, “फ्रान्समध्ये देशप्रेम रक्तात आहे. तिथला माणूस गूगलऐवजी क्वांत वापरतो, यूट्यूबऐवजी डेलीमोशन बघतो, आणि सरकार परदेशी कंपनीला दारात उभं करत नाही. आपण मात्र गुलामच.” त्यावर टाळ्यांचा पाऊस. सोडून देणार होते, पण डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

मी ब्रिटनीत, रेनला राहते. खालच्या मजल्यावर टेलिकॉम खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर आहेत, त्यांना इथे नुसतं मस्यू, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘साहेब’, म्हणते. मिनिटेलच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधी फोनच्या तारेवर चालणाऱ्या फ्रेंच यंत्राच्या, काळातला माणूस. मिनिटेलवरची फोन नंबरांची डिरेक्टरी सगळ्यात आधी आमच्याच भागात, सँ-मालोला चालवून पाहिली होती, हे ते नव्या ओळखीच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतात. रविवारी कॉफीला बोलावतात आणि इंटरनेटला शिव्या घालतात. देशप्रेमी आहेत का? आहेत की. १४ जुलैच्या, राष्ट्रीय दिनाच्या संचलनात विमानांचा तिरंगी धूर निघाला की खोलीत कोणाला बोलू देत नाहीत.

आणि हो, ते गूगल वापरतात.

क्वांत हे २०१३ सालचं फ्रेंच शोधयंत्र. माग काढत नाही म्हणून नावाजलेलं, सरकारी संगणकांवर तेच ठेवा असे आदेशही निघालेले. पण वर्षानुवर्षं त्याचे निकाल मोठ्या प्रमाणात मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येत होते. डेलीमोशन २००५ मध्ये यूट्यूबच्या आगेमागेच पॅरिसमध्ये सुरू झालं. २०१३ मध्ये याहू ते घ्यायला आलं तेव्हा मंत्री आर्नो मोंतबूर आडवे पडले. राहिलं फ्रेंचच, पण बघतंय कोण?

“परदेशी कंपनीला दारात उभं करत नाही” हे तर वाचून हसूच आलं. अख्ख्या देशाची आरोग्याची माहिती संशोधनासाठी एकत्र करणारं हेल्थ डेटा हब २०१९ मध्ये उभं राहिलं ते मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडवर. बोंब झाली तेव्हा २०२० मध्ये आरोग्यमंत्र्यांनी दोन वर्षांत हलवतो म्हणून सांगितलं. मुदत उलटून गेली, माहिती तिथेच. जून २०२५ मध्ये सिनेटच्या समितीने मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या अधिकाऱ्याला शपथेवर विचारलं, की फ्रेंच नागरिकांची माहिती इथल्या सरकारच्या परवानगीशिवाय अमेरिकेच्या हातात जाणार नाही याची हमी देता का? तो म्हणाला, नाही देऊ शकत. मस्यूंनी मला ती सुनावणी यूट्यूबवर दाखवली. मध्येच मांजराच्या खाण्याची जाहिरात लागली.

१३ नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यांनंतर फेसबुकने प्रोफाइलच्या फोटोवर फ्रेंच झेंडा चढवायची सोय दिली होती. मस्यूंच्या मुलाने चढवला, सुनेने नाही, त्यावरून जेवताना भांडण. पुढे २७ तारखेच्या राष्ट्रीय श्रद्धांजलीला घरांवर झेंडे लावा असं अध्यक्ष ओलांद म्हणाले. इथे एरवी खिडकीत झेंडा दिसला तर एकतर फुटबॉलचा सामना असतो, नाहीतर घरमालक अतिउजव्या ल पेनबाईंचा मतदार असतो. मस्यूंनी तरी खिडकीत लावला, फेसबुकवर नाही. “माझ्या दुःखाची नोंद कॅलिफोर्नियात कशाला?” असं त्यांचं अजून म्हणणं आहे.

एवढं सगळं ऐकून मला जे दिसलं ते असं. त्यांचा राग शेजाऱ्यावर कधीच नसतो, सरकारवर असतो. तू कोणतं ॲप वापरतोस यावरून माझं किंवा कोणाचं देशप्रेम त्यांनी जोखलेलं नाही. आमच्या आरोग्याचे कागद कुठे ठेवलेत, हे मात्र खासदाराला पत्र लिहून विचारतात. आपल्याकडे सरकारला कोणी काही विचारत नाही, आणि कोपऱ्यावरच्या पोराने चिनी गेम खेळला की तो देशद्रोही.

देशी बाणा:
ताई, एका म्हाताऱ्याच्या कॉफीवरून अख्ख्या देशाचा निकाल लावलात? मग माझंही ऐका. त्यांची जाँदार्मरी, म्हणजे निमलष्करी पोलीस, २००८ पासून विंडोज सोडून उबुंटू या मोफत लिनक्सवर जायला लागली आणि आज तिथले बहुतेक सगळे संगणक लिनक्सवर आहेत. व्हिडिओ बघायचं व्हीएलसी कुणाचं? फ्रेंचांचं. जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या क्नीलने, म्हणजे खासगी माहिती जपणाऱ्या आयोगाने, गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड ठोकला, का, तर कुकी नाकारणं हे स्वीकारण्याइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून. याला म्हणतात कणा. आपल्याकडे कोणी हिंमत केली आहे?

बाकी, तिकडे बसून इकडच्यांना गुलामी कशी करावी हे शिकवणं सोपं असतं.

चौकस:
हिंमत केली आहे. ऑक्टोबर २०२२, सीसीआय म्हणजे आपला स्पर्धा आयोग, गूगलला १,३३७ कोटी रुपये दंड. आपल्याच देशाची अभिमान वाटण्यासारखी गोष्ट देशप्रेमींनाच ठाऊक नसते, हे नेहमीचंच.

रेनवासी:
@देशी बाणा, गुलामगिरी शिकवायला मी धागा काढलेला नाही, आणि राहते कुठे यावर बोलायचं तर तुमच्या त्या लेखातलं फ्रान्स कुठलं होतं तेही सांगा, म्हणजे मी तिकडे घर बघते.

उबुंटू ज्या कंपनीचं आहे ती लंडनची. व्हीएलसीची कथा तर तुमच्या विरुद्ध जाते. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्राल या इंजिनियरिंग कॉलेजच्या वसतिगृहातल्या पोरांना खेळ खेळायला वेगवान नेटवर्क हवं होतं. त्याला पैसे मिळावेत म्हणून त्यावरून व्हिडिओ पाठवायचा प्रकल्प काढला, त्यातून ते झालं. २००१ मध्ये सगळ्या जगाला मोफत खुलं केलं. त्याचं चिन्ह रस्त्यावरचा नारिंगी शंकू आहे. तिरंगा कुठे दिसला का?

खवचट काका:
दोघंही मुद्द्याच्या अलीकडेच थांबलात. देशाभिमानाच्या नावावर फ्रान्समध्ये काय होतं ते ऐका. २००५, अध्यक्ष शिराक साहेबांचं क्वेरो हे शोधयंत्र. गूगलला टक्कर देणार होतं. जर्मन मध्येच उठून गेले. २०१२, देशी क्लाउड, तोही एक नाही, दोन. क्लाउडवॉटमध्ये ऑरेंज आणि थालेस या कंपन्या, न्युमर्जीत एसएफआर आणि बुल, सरकारचा पैसा दोन्हीकडे. २०२० च्या सुरुवातीला क्लाउडवॉटला कुलूप. झेंडा पुढे केला की निविदेत कोणी प्रश्न विचारत नाही, हे ठेकेदाराला सगळ्यात आधी कळतं. मी ठेकेदारांची बिलं तपासण्यात नोकरी घालवली आहे, मला सांगू नका.

आणि मस्यूंच्या खात्याबद्दल. लुई पूझँ नावाच्या फ्रेंच माणसाने १९७० च्या दशकात सिक्लाद हे नेटवर्क बांधलं. माहितीची सुटी पाकिटं आपापल्या वाटेने जाऊ द्यायची ही त्याची कल्पना, पुढे अमेरिकनांनी टीसीपी/आयपीसाठी, म्हणजे इंटरनेट ज्या नियमांवर चालतं त्यांच्यासाठी, उचलली. फ्रेंच टेलिकॉम खात्याला ती नको होती. त्यांना सगळा ताबा आपल्या हातात ठेवणारं ट्रान्सपॅक हवं होतं. सिक्लादचे पैसे आटले आणि मिनिटेल ट्रान्सपॅकवर चाललं. २०१३ मध्ये पूझँचा मोठा सन्मान झाला तो ब्रिटनच्या राणीच्या नावाच्या पुरस्काराने. घरचा शोध घरच्याच खात्याने मारला, तोही राष्ट्रहितासाठी.

रेनवासी:
काका, हे खरं आहे. मस्यूंसमोर पूझँचं नाव काढलं की ते खिडकी उघडायला उठतात. मान्य करते, पण इतक्या आनंदाने सांगायची गरज नव्हती.

भुसावळ जंक्शन:
मिनिटेलला नावं ठेवू नका राव. ऐंशीच्या दशकात फ्रान्समध्ये कागदी डिरेक्टरीऐवजी घरोघरी ते यंत्र फुकट दिलं. शेतकऱ्याची बायको घरबसल्या रेल्वेचं तिकीट काढत होती. त्या काळात आमच्या वडिलांनी फोनसाठी नंबर लावला आणि फोन आला तेव्हा मी शाळा सोडून कॉलेजात होतो. तोवर ज्या काकूंना फोन करायचा होता त्या वारल्या होत्या. सरकारने मनावर घेतलं तर होतं, एवढंच म्हणतो.

गनिमी कावा:
होतं, आणि मग सरकार त्याला कवटाळून बसतं. ऑगस्ट १९९७ मध्ये पंतप्रधान जोस्पँ यांनाच उर्तँच्या भाषणात सांगावं लागलं की मिनिटेलमुळे इंटरनेटचा प्रसार अडतोय. तरी ते बंद झालं ३० जून २०१२ ला. आणि मिनिटांवर पैसे मोजणाऱ्या त्या यंत्रावर रेल्वेच्या तिकिटांशिवाय आणखी काय जोरात चालायचं तेही लिहा की. गुलाबी गप्पा! कित्येक घरांत टेलिफोनचं बिल आल्यावर महायुद्ध.

चौकस:
सरकारी ॲप म्हणजे सुरक्षित, असं मानणाऱ्यांसाठी. एप्रिल २०१९ मध्ये फ्रेंच सरकारने अधिकाऱ्यांसाठी चाप हे स्वतःचं संदेशांचं ॲप आणलं. फक्त सरकारी ईमेलवाल्यांना प्रवेश. एका फ्रेंच संशोधकाने ईमेलचा पत्ता जरा वाकडा लिहिला आणि लगेच आत. हा तोच ‘एलियट अल्डरसन’ टोपणनावाचा माणूस, ज्याने आपल्या आरोग्य सेतूवर बोट ठेवलं तेव्हा इथल्या लोकांनी त्याला परकीय शक्तींचा हस्तक ठरवलं होतं. त्याने स्वतःच्या सरकारचंही तसंच केलं, आणि तिथे चूक दुरुस्त झाली.

इनस्क्रिप्टवाला:
धागा वाचतोय, पण मूळ दुखणं कोणी बोलत नाही. कीबोर्ड! फ्रेंच लोक भाषेसाठी कायदे करतात, १९९४ चा तुबाँ कायदा आहे, पण त्यांच्या कीबोर्डवर डोक्यावर तिरकी रेघ असलेला मोठा ‘ए’ (É) सरळ निघत नाही. पूर्णविरामाला शिफ्ट, आकड्यांना शिफ्ट. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या संस्कृती मंत्रालयानेच सांगितलं की देशात विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर शुद्ध फ्रेंच लिहिणं जवळजवळ अशक्य आहे. २०१९ मध्ये नवं प्रमाण काढलं. दुकानात तो कीबोर्ड मिळतो का, ते रेनवासी यांनी सांगावं.

आपलंही तेच. इनस्क्रिप्ट ही देवनागरी टंकायची कळांची मांडणी १९८६ पासून आहे, प्रत्येक संगणकात फुकट आहे, आणि शिकतो कोण? स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये यायला २००८ उजाडलं, तोवर सगळे ‘ऍ’ लिहून भागवत होते, काही अजून भागवतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यातला फरक कसा टंकायचा हे पत्रकारांना माहीत नाही. शिफ्ट-जे दाबा, मग हलन्त. इतकं सोपं आहे!

रेनवासी:
मला तरी नाही मिळाला. दुकानदाराने असं काही प्रमाण आहे हेच पहिल्यांदा ऐकलं.

देशी बाणा:
कीबोर्डचा इथे काय संबंध? लोकांना टायपायला फोन आहे, बोललं की उमटतं.

इनस्क्रिप्टवाला:
कुणाच्या फोनवर? कुणाच्या कीबोर्डवर? तुमच्या त्या ज्वलंत लेखात ‘ऱ्हास’ दोनदा ‘र्हास’ झाला होता. गूगलच्या कीबोर्डवर गूगलचा निषेध टंकलात आणि वर ऱ्हस्व-दीर्घाचीही वाट लावलीत.

भुसावळ जंक्शन:
‘ह्रस्व’ हो. ह ला र. दुसऱ्याचं काढायच्या आधी आपलं बघावं.

इनस्क्रिप्टवाला:
घाईत झालं.

देशी बाणा:
घाईत! 😂 हो, गूगलचाच कीबोर्ड आहे माझा. ट्विटरला देशी पर्याय म्हणून कू ॲपही होतं, पहिल्या आठवड्यात घेतलं होतं, २०२४ मध्ये बंद पडलं, आता काय करू, भिंतीवर लिहू? प्रयत्न तरी केला. ताईंच्या मस्यूंनी पत्रं लिहिली, त्याने काय झालं? माहिती अझूरवरच ना?

रेनवासी:
हो. अजून तरी पत्रांनी काही झालेलं नाही, तुमचा मुद्दा घ्या. पण ते दर महिन्याला फ्रामासॉफ्टला थोडे पैसेही देतात. २०१४ पासून गूगलला पर्याय उभे करणारी ल्योंची संस्था, देणग्यांवर चालते. कोणी देतं का विचारून शेजाऱ्यांच्या दारावर जात नाहीत, इतकंच.

खवचट काका:
देणगीवर देश चालत नाही. ठेक्यावरही चालत नाही, ते मी वर म्हटलंच. कशावर चालतो ते कळलं की सांगा.

गनिमी कावा:
ताई, त्या मोठ्या ‘ए’चं पुढे काय? माझा एक क्लायंट फ्रेंच आहे, त्याच्या नावाचं पहिलंच अक्षर ते. दर वेळी गूगलमधून चिकटवतो.

रेनवासी:
विंडोजवर ऑल्ट धरून १४४. मस्यूंचा जुना लॅपटॉप लिनक्सवर आहे, तिथे फ्रेंच कीबोर्डवर कॅप्स लॉक लावून लहान ‘ए’ची ती कळ दाबली की थेट मोठा येतो.

देशी बाणा:
म्हणजे लिनक्सवर जमतं, विंडोजवर नाही. म्हणजे जाँदार्मरीला फ्रेंच लिहिता येतं आणि बाकी सरकारला नाही. मी पहिल्यापासून काय सांगत होतो?

रेनवासी:
जिंकलात. जा, झेंडा लावा.

गनिमी कावा:
ऑल्ट १४४ होत नाहीये. माझ्या लॅपटॉपला बाजूचे आकडे नाहीत.

इनस्क्रिप्टवाला:
वरच्या आकड्यांनी होणारच नाही. यूएसबीचा नंबर पॅड मिळतो, तो घ्या.

खवचट काका:
घेताना कुठल्या देशाचा आहे ते बघा म्हणजे झालं.