मदत हवी आहे: पातळी १ फेकून देतो, पातळी २ ला रडतो

भांबावलेली (बुधवार, रात्री १०:४०)
नमस्कार मंडळी. शनिवारी एकच दिवस पुण्यात आहे, त्यातही दुपारी लग्न. सकाळी दोन तास मिळतील, तेवढ्यात अप्पा बळवंत चौकातून मुलासाठी मराठी गोष्टींची पुस्तकं उचलायची आहेत. पुस्तकाच्या मागे पातळी १, २, ३, ४ लिहिलेलं असतं ना, तसली ऑनलाइन मागवून झाली. पातळी १ दोन मिनिटांत वाचतो आणि "हे बाळांचं आहे" म्हणून फेकतो. पातळी २ घेतलं की तिसऱ्या ओळीला अडतो, मग रडारड. आता दीड पातळीचं कुठे मिळतं? प्लीज नावं सांगा, लेक्चर नको. जुने धागे चाळले, सगळे इंग्रजी पुस्तकांचे आहेत.

तिखटमीठ (रात्री १०:५२)
वय?

पुस्तकवेडी (रात्री ११:१५)
अय्या, माझा आवडता विषय! मोठी चित्रं, पानावर एकच ओळ, आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा येणारी पुस्तकं घे. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं बघ. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आहे, अगदी स्वस्त. तुलिकाची मराठी-इंग्रजी दोन्ही भाषा एकाच पानावर असलेली आहेत. आमची पिल्लू रात्री तेच तेच पुस्तक अकरा वेळा वाचायला लावायची, पानं सुटली शेवटी. पुठ्ठ्याची असतील तर उत्तम, चावली तरी टिकतात.

झुंबर (रात्री ११:३१)
आम्ही न्यू जर्सीत. इथे लायब्ररीत पुस्तकांना ए ते झेड पातळ्या असतात, शिवाय लेक्साइल म्हणून वाचनपातळीचा आकडा. मुलाची चाचणी घ्यायची, आकडा काढायचा, त्या आकड्याच्या आसपासचं पुस्तक द्यायचं. संपला विषय. मराठीत हे कोणी का करत नाही? आणि पाच बोटांचा नियम तर सगळ्यांना माहीत असेलच: एक पान वाचायला द्या, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पाचही मिटली तर पुस्तक जड.

तिखटमीठ (रात्री ११:३८)
झुंबर, पातळी १ च्या पानावर शब्दच सहा असतात. एक शब्द उरेल.
भांबावलेली, वय सांगा हो. आणि घरी मराठी बोलता का?

निवृत्त_गुरुजी (गुरुवार, सकाळी ६:०५)
ताई, पुस्तकांच्या मागे लागू नका. पाटी आणा. रोज सकाळी एक बाराखडी घोटून घ्या, मग काना-मात्राविरहित शब्द, मग जोडाक्षरे. चौतीस वर्षे शिकवले, एक मूल अडखळले नाही. हल्ली अक्षरओळख होण्याआधीच गोष्टींची पुस्तके हातात देतात आणि मग मदतीचे धागे काढतात.

रानवारा (सकाळी ८:२०)
गुरुजी, आदर आहे, पण "कमल नमन कर, मगन गवत धर" वाचून कोणत्या पोराला पुढचं पान उलटावंसं वाटलं? मला तरी नाही. मगन ते गवत धरून काय करणार होता, हे मला अजून कळलेलं नाही.

निवृत्त_गुरुजी (सकाळी ८:४४)
मगनने गवत धरले म्हणून आज तुम्ही हा प्रतिसाद लिहू शकलात.

भांबावलेली (सकाळी ९:१०)
अहो बाराखडी येते त्याला! आठ पूर्ण आहे, तिसरी झाली. इंग्रजी तर जाडजूड पुस्तकं एका रविवारात संपवतो. पुठ्ठ्याची पुस्तकं काय चावायला देऊ? 😑 घरी मराठी अर्थातच बोलतो. नावं, नावं!

पुस्तकवेडी (सकाळी ९:१५)
आठ?? मग आधी सांगायचंस ना गं. मी चार धरून चालले होते.

चिंचोका (सकाळी ९:४०)
माझ्या भाचीचंही असंच होतं, शेवटी चष्मा निघाला. आधी डोळे तपासा. मागच्या बाकावर बसतो का? अक्षरं लहान असली की मुलं रडतात. पातळी २ ची अक्षरं पातळी १ पेक्षा बारीक असतात.

झुंबर (सकाळी ९:५८)
म्हणूनच म्हणत होतो, चाचणी.

वाचनखोली (सकाळी १०:३०)
झुंबर, लेक्साइल वाक्याची लांबी आणि शब्द किती वापरातला आहे यावर चालतं. इंग्रजीसाठी ठीक. मराठीत "आश्चर्य" हा शब्द कितीही वापरातला असो, त्यातलं श्च आणि वरचा रफार मुलाने सोडवायचा असतो.

मी एका वस्तीत शनिवार-रविवार मुलांचं वाचनालय चालवते, म्हणून सांगते. मागच्या पानावरच्या आकड्याला पाळण्यातलं नाव समजा, जन्मपत्रिका नव्हे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळावर पातळी १ म्हणजे साधारण २५० शब्दांपर्यंत, २ म्हणजे ६०० पर्यंत, ३ म्हणजे १५०० पर्यंत आणि पुढे ४. त्यात बरीचशी पुस्तकं दुसऱ्या भाषेतून आलेली असतात. मूळ भाषेत सोपं असलेलं वाक्य मराठीत येताना "प्रत्येकाच्या" आणि "स्वच्छ" घेऊन येतं, आकडा मात्र तोच राहतो. आमच्याकडे पातळी १ ची पाच पुस्तकं मी स्वतः खोडून ३ केली आहेत, आणि पातळी ३ चं एक १ केलंय.

भांबावलेली, एक काम करा. तो अडला ती ओळ जशीच्या तशी इथे लिहा, आणि त्याने ती कशी वाचली तेही. नावं नंतर.

कोल्हापुरी_तडका (सकाळी ११:०२)
ह्या सगळ्याचं मूळ पाठ्यपुस्तकांत हाय. २०१९ ला दुसरीच्या गणितात "एकवीस" चं "वीस एक" केलं तवाच म्हटलेलं, आता पोरं वाचणार न्हाईत.

रानवारा (सकाळी ११:१०)
त्याचा इथे काय संबंध? आणि ते चूक नव्हतंच. २१ लिहिताना आधी २ दिसतो, बोलताना आधी "एक" येतो. मुलं १२ लिहितात २१ च्या जागी. कानडी, तेलुगू पोरांना ही अडचण येत नाही.

कोल्हापुरी_तडका (सकाळी ११:१४)
मग बाजारात जाऊन "साठ पाच रुपयं द्या" म्हणा की.

निवृत्त_गुरुजी (सकाळी ११:२५)
पासष्ट. अडुसष्ट. एकोणऐंशी. पाढे पाठ असले की काही अडत नाही.

संपादक (सकाळी ११:५०)
गणितासाठी वेगळा धागा काढावा. अबॅकस क्लासची जाहिरात उडवली आहे.

भांबावलेली (दुपारी १:३५)
ऑफिसमधून लिहितेय, ओळ आठवते कारण तिच्यावरच काल अर्धा तास गेला. "सकाळी अंगण ओलं होतं. पिल्लू चुलीजवळ निजलं होतं." हे अवघड आहे का? जोडाक्षर एक, तेही "पिल्लू", ते नीट वाचलं. पुढे म्हणाला "ओलम् होतम्". आजी फोनवर ऐकत होती, ती म्हणाली संस्कृत वाचतोय वाटतं. मी हसले आणि तिथेच बिनसलं. पुस्तक खाटेखाली गेलं.

वाचनखोली (दुपारी १:५२)
"जवळ" कसं वाचलं? आणि "निजलं"?

भांबावलेली (दुपारी २:०५)
जवल. निजलम्. च, ज सगळं हिंदीसारखं. पण शाळेत हिंदीच आहे ना, नोएडात मराठी कुठून येणार.

तिखटमीठ (दुपारी २:०७)
नोएडा!!! काल रात्रीपासून आम्ही काय बोलतोय, आणि नोएडा! घरी मराठी बोलतो म्हणजे नक्की कोण कोणाशी?

भांबावलेली (दुपारी २:२०)
आम्ही मराठीत बोलतो, तो हिंदीत उत्तर देतो. समजतं सगळं. यात लिहिण्यासारखं काय होतं, सगळ्यांकडे असंच असतं. जूनपासून पुण्यात बदली आहे, नव्या शाळेत मराठी आहेच, म्हणून तर घाई.

पुस्तकवेडी (दुपारी २:२४)
जून! हळूहळू एकेक पत्ता उलगडतेस गं.

वाचनखोली (दुपारी ३:१०)
आता जमलं. मुलाला वाचता येतं. त्याला हिंदी वाचता येतं, आणि तो मराठी हिंदीच्या नियमांनी वाचतोय. हिंदीत शब्दाच्या शेवटी अ वर टिंब आलं की ते "स्वयं", "एवं" सारखं म् होतं. त्याने नियम बरोबरच लावला. आपल्या "झालं, होतं, पुस्तकं" मधल्या टिंबाचा अर्थ "शेवटचा अ लांबव" एवढाच आहे, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. मग तो स्वतः म्हणालेला शब्द स्वतःच ऐकतो, ओळखीचा वाटत नाही, आणि वाक्य हातातून सुटतं. पातळी १ मध्ये "हा उंदीर. ही मनी." असतं, शब्दाच्या शेवटी टिंबं नसतात, म्हणून दोन मिनिटांत संपतं. पातळी २ मध्ये गोष्ट सुरू होते, भूतकाळ येतो आणि ओळीला तीन टिंबं येतात. रडणं तिथलं आहे.

झुंबर, तुमचं पाच बोटांचं चालेल, पण उलटं. आपल्या लिपीत न समजलेला शब्दही मोठ्याने म्हणता येतो. म्हणून उच्चार अडला तर बोट मिटू नका, अर्थ विचारल्यावर अडला तर मिटा.

दुकानात काय करायचं: मधलं पान उघडा आणि टिंबं बघा. "झाले, होते, केले" असं लिहिलेली पुस्तकं एका हातात, "झालं, होतं" वाली दुसऱ्या हातात. पहिल्या प्रकारची बहुतेक माहितीची निघतील: साप, रेल्वे, किल्ले, ग्रह. ती तो एकटा वाचेल, आणि आठ वर्षांच्या पोराला ती बाळांची वाटणार नाहीत. दुसरी तुम्ही दोघांनी वाचायची, एक पान तू, एक पान मी, तुमचं पान आधी. कानाला "ओलं" ऐकू आलं की डोळा आपोआप शिकतो. दोन आठवडे पुरतात असा माझा अनुभव, पण इंदूरहून आलेल्या एका मुलीला दोन महिने लागले, तिचं "ळ" शेवटपर्यंत डळमळीत राहिलं.

निवृत्त_गुरुजी (दुपारी ३:४०)
"झालं" ही बोलण्याची रीत. छापील पुस्तकात "झाले" हवे. मूळ दुखणे हेच, लेखकांनीच शिस्त सोडली.

रानवारा (दुपारी ३:४६)
गुरुजी, "आई, भूक लागली, काही खायला केले आहेस का" असं कोणतं मूल बोलतं?

निवृत्त_गुरुजी (दुपारी ३:५५)
माझी बोलत.

अक्षरजुळारी (दुपारी ४:३०)
एक बारीक गोष्ट, धंद्यातला आहे म्हणून. पुस्तकातला ल आणि श बघा. २००९ च्या शासन निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श. बऱ्याच संगणकीय टायपांत मात्र हिंदी वळण आपोआप येतं, दांड्याला जोडलेला ल. बाहेरच्या प्रकाशकांची मराठी पुस्तकं आणि वेबसाइटवरच्या गोष्टी यांत हे सर्रास दिसतं. पुण्यातल्या मुलांना तो ल खुपतो. तुमच्या चिरंजीवांना उलटं होईल, आपला ल पाहून थबकेल. कागदावर दोन्ही काढून दाखवा, एका मिनिटाचं काम.

चिंचोका (दुपारी ४:४१)
तरी पण डोळे तपासून घ्या.

पुस्तकवेडी (संध्याकाळी ६:०२)
मग माझी यादी बदलते. "किशोर" मासिकाचे अंक घे. बालभारती १९७१ पासून काढते, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आठच्या पोराला थोडे जड जातील, पण कोडी, चुटके आणि चित्रकथा यांना पातळी नसते. आमच्याकडे चुटक्यांनीच गाडी सुरू झाली, कारण शेवटची ओळ कळल्याशिवाय हसता येत नाही! शाळेसाठी म्हणशील तर इंग्रजी माध्यमाला "मराठी सुलभभारती" असते, "बालभारती" नव्हे. काउंटरवर नीट सांग, नाहीतर भलतंच हातात देतात.

सदाशिवपेठी (रात्री ९:२०)
अप्पा बळवंत चौकात काउंटरवाला "कितवीचं?" एवढंच विचारतो. तिसरी म्हणालात की गाईड, व्यवसायमाला आणि वर शुद्धलेखनाची वही काढून ठेवेल. तिथे पुस्तक उघडून टिंबं मोजत उभ्या राहिलात तर मागची रांग तुमचा उद्धार करेल. मोठ्या दुकानाचा बालविभाग गाठा, जिथे आत जाऊन पुस्तक हातात घेता येतं. आणि गाडी नेऊ नका. शनिवारी तर मुळीच नको.

कोल्हापुरी_तडका (रात्री ९:३३)
शनिवारी पार्किंग "शून्य शून्य" हाय.

भांबावलेली (रविवार, रात्री ८:१५)
परतीच्या गाडीत आहे. सगळ्यांचे आभार, आधी चिडचिड केली त्याबद्दल सॉरी. सदाशिवपेठी, रिक्षावाल्यानेही अलीकडेच उतरवलं. गाईड मिळालं, नको म्हटलं तरी.

पाच पुस्तकं घेतली. सापांवरचं एक, टिंबं जवळजवळ नाहीत, त्यात "घोणस चावल्यास" पासून पुढे सगळं त्याने मोठ्याने वाचून दाखवलं, समोरच्या बर्थवरच्या काकूंना नको झालं. दुसरं गोष्टीचं. टिंबाचं सांगितलं तर म्हणाला, "मग आधी का नाही सांगितलं?" मराठीत म्हणाला. मी काहीच बोलले नाही. पाचव्या पानापर्यंत "होतं" जमलं, सहाव्यावर पुन्हा "गेलम्". हसले नाही या वेळी.

तीन अजून पिशवीत आहेत. एक प्रश्न: "घोणस" मधला घो बरोबर वाचला, पण शेवटी "घोणसं" म्हणतोय, टिंब नसताना. आता सगळीकडेच लांबवायला लागलाय. हे आपोआप जातं का?

वाचनखोली (रात्री ८:४०)
जातं. आठवडाभर टोकू नका.

निवृत्त_गुरुजी (रात्री ८:४४)
पाटी आणा.