स्पिती ग्रूप टूर : आधी मनाली की आधी किन्नौर?

प्रश्न
सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून आम्ही बारा जण हिमाचलमधल्या स्पितीला निघतोय. वयं २८ ते ६६. टूरवाल्यांनी दिलेला मार्ग: मनाली, चंद्रताल (मुक्काम), काझा २ रात्री, ताबो, कल्पा, सिमला. शेवटपर्यंत एकच टेम्पो ट्रॅव्हलर. मार्ग उलटा करून घ्यावा का?

उत्तर १
उलटाच करून घ्या, म्हणजे आधी सिमला-किन्नौर (कल्पा तिथेच आहे), शेवटी मनाली. मनाली साधारण २,००० मीटरवर, चंद्रताल ४,२५०च्या आसपास. एका दिवसात एवढं चढून तिथेच झोपायचं म्हणजे विरळ हवेचा त्रास ओढवून घेणं, आणि तिथे दवाखाना नाही. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५००पेक्षा जास्त वाढू नये, हा साधा हिशेब धरा.

किन्नौरकडून तो आपोआप जमतो: सांगला २,७००, कल्पा २,९५०, ताबो ३,२८०, काझा ३,६५०. नाको वाटेत लागतं, पण ते ३,६५०वर आहे. तिथे जेवा, झोपा ताबोला. काझाला ३ रात्री मागा. लांगझा, हिक्किम, कोमिक ४,४०० ते ४,६००च्या दरम्यान आहेत, ते दुसऱ्या दिवशी करून झोपायला परत काझाला या. चंद्रताल सगळ्यात शेवटी.

डोकं दुखून मळमळत असेल तर त्या माणसाने आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरवा.

प्रश्नकर्ता
आईला बीपीच्या गोळ्या चालू आहेत. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी द्यावी का?

उत्तर १
तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ही गोळी लघवी वाढवते, आणि बीपीच्या काही गोळ्याही तेच करतात. सल्फाची अॅलर्जी असेल तर तेही आधी सांगा. प्रतिबंधासाठी एरवी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. किन्नौरमार्गे सावकाश चढलात तर अनेकांना लागतही नाही.

उत्तर २
आता गाडी. काझापर्यंत ट्रॅव्हलर ठीक. खरी परीक्षा कुंझुम खिंडीनंतर, मनालीकडे उतरताना बातल ते ग्रामफू या टप्प्यात. तिथे रस्त्यावरूनच नाले वाहतात. दिवसा बर्फ वितळतं, दुपारनंतर पाणी चढतं आणि पाण्याखालचे गोटे सरकतात. ट्रॅव्हलरचा मागचा लांब भाग नाल्यातून वर चढताना घासतो, कधी अडकतो. म्हणून काझापासून पुढे दोन-तीन सुमोसारख्या गाड्या ठरवा आणि चंद्रतालहून उजाडताच निघून छतरूच्या पुढचे नाले सकाळीच ओलांडा.

दरडींसाठी एक दिवस राखीव ठेवा. निगुलसरी आणि नाकोजवळचा मलिंग नाला या नेहमीच्या जागा. परतीचं विमान मनाली गाठायच्या दुसऱ्याच दिवशी नको. दरड पडली तर जादा मुक्कामाचा खर्च कुणाचा, हे टूरवाल्यांकडून लेखी घ्या. भांडणं बहुतेक इथेच होतात. डिझेल रेकाँग पिओखाली पोवारीला भरा, पुढचा पंप थेट काझाला. भारतीयांना परमिट लागत नाही, ओळखपत्र मात्र हाताशी असू द्या. रोकड पुरेशी ठेवा.

उत्तर ३
ताबोबद्दल एक कळकळीची विनंती. तिथला बौद्ध मठ इसवी सन ९९६चा, भिंती मातीच्या, चित्रं मातीच्याच गिलाव्यावर. पाठीवरची सॅक घासली तरी रंग सुटतो, आणि बारा जण एकदम आत शिरले की हे होणारच. सॅक गाडीत ठेवा, चार-चार जण जा. आत फोटो काढू देत नाहीत. अंधार असतो, डोळे सरावेपर्यंत दाराशी जरा थांबा. यासाठी टूरवाल्यांकडून किमान दीड तास मागून घ्या. एरवी वीस मिनिटांत बाहेर काढतात.