जुन्या जीपचे काटे: दुरुस्त करायचे, की उपटून नवे बसवायचे?

कातळगाडी:
परवा एका मित्राच्या महिंद्रा एमएम ५४० जीपचा डॅशबोर्ड पाहिला. नव्वदच्या दशकातली गाडी, प्युजोचं डिझेल इंजिन, चेसिस खणखणीत. तक्रार एकच, काट्यांवर भरवसा नाही. हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा सरकतो, इंडिकेटर दिला की डिझेलचा काटा त्याच ठेक्यात उड्या मारतो. वायरमनने निदान केलं, "मीटर संपले." नवा सेट आला, बसला, पैसे गेले. आता नवे काटेही त्याच ठेक्यात उड्या मारतायत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

माझं म्हणणं असं, की जुन्या ऑफरोड गाडीत मीटरला हात लावण्याआधी अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परत यायची वाट बघा. इंडिकेटरबरोबर काटा नाचतो, कारण इंडिकेटरच्या बल्बचा आणि मीटरचा करंट एकाच गंजलेल्या वाटेने बॅटरीकडे परत येतोय. इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते चेसिस या पट्ट्या चिखलात कुजतात, वरून कोणीतरी रंगाचा हात मारलेला असतो. तपासायला मल्टिमीटर पुरतो. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या कडीवर) नाही, थेट शिशाच्या खुंटावर. लाल पिन मीटरच्या धातूच्या अंगावर. हेडलाइट, वायपर, सगळं चालू करा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थ खराब. मीटरपासून बॅटरीपर्यंत एक स्वतंत्र वायर ओढली की निम्मी दुखणी तिथेच थांबतात.

यात एक मेख आहे. खराब अर्थ दोन्ही दिशांनी फसवतो. टेंपरेचरचा सेंडर, म्हणजे इंजिनात बसून काट्याला माप कळवणारा सेन्सर, गरम होतो तसा त्याचा रोध घटतो, आणि त्याला अर्थ मिळतो तो इंजिनच्या ब्लॉकमधून. त्या वाटेत गंज आला की रोध वाढतो, म्हणजे काटा इंजिन थंड असल्याचं दाखवतो. इंजिनचं हेड तापलेलं, काटा निवांत! काट्यांना ठरावीक व्होल्टेज देणारा रेग्युलेटर असेल आणि त्याचा अर्थ तुटला, तर मात्र सगळेच काटे एकदम वर चढतात. म्हणून एक काटा बिघडलाय की सगळे मिळून, हे आधी बघा.

उद्यमनगरी:
असहमत. अर्थिंगचं सगळं बरोबर आहे, पण ते किती दिवस टिकणार? ओढ्यातून गाडी घातली, बाहेर काढून प्रेशरने धुतली, पुढच्या पावसाळ्याला पुन्हा मल्टिमीटर घेऊन डॅशबोर्डखाली उताणं पडायचं? ऑफरोडच्या गाडीत इंजिन वाचवणारे काटे दोनच, टेंपरेचर आणि ऑइल प्रेशर, आणि ते दोन्ही मेकॅनिकलच पाहिजेत. ऑइल प्रेशरच्या मीटरमध्ये वाकडी पोकळ नळी असते. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. यूजेन बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ साली पेटंट घेतलेली युक्ती आहे, तिला ना बॅटरी लागते ना अर्थ. आजही बॉयलरवर तीच लावतात. टेंपरेचरचंही तसंच, बल्ब (दिव्याचा नव्हे, तापमान जोखणारी बंद कुपी) हेडमध्ये, बारीक नळी डॅशबोर्डपर्यंत. हेडच्या आट्यांशी बल्ब जुळत नसेल तर आमच्याकडे कोणीही टर्नर पितळेचा अॅडॉप्टर काढून देतो.

ओहम_पुणे:
@उद्यमनगरी, ती बारीक नळी एकदा चिमटली की मीटर गेला. कापता येत नाही, जोडता येत नाही, उरलेली नळी गुंडाळून कुठे कोंबायची हा वेगळाच प्रश्न. आणि ऑइल प्रेशरच्या मेकॅनिकल मीटरमध्ये गरम ऑइल थेट तुमच्या गुडघ्यापर्यंत आणता. नायलॉनची नळी एक्झॉस्टजवळून गेली आणि वितळली तर काय होतं ते बघायची माझी तयारी नाही.

उद्यमनगरी:
नायलॉन कोण सांगतंय? तांब्याची नळी घ्या, इंजिनजवळ दोन वेटोळी द्या म्हणजे हादऱ्याने तडकत नाही, फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, रबरी ग्रोमेट घाला. गळालीच तर थेंबथेंब गळते, आणि गळती दिसते तरी. तुमच्या वायरीचा गंज दिसतो का?

ओहम_पुणे:
ते असो. कातळगाडी यांनी रेग्युलेटरवर एका ओळीत काम भागवलं, खरी गंमत तिथेच आहे. चावी फिरवल्यावर काटा सावकाश, आळसावून वर येतो का? मग तो बायमेटलचा. आत दोन धातूंची पट्टी आणि तिच्यावर गुंडाळलेली तापणारी तार. पट्टी तापली की वाकते आणि काटा ढकलते. अशा काट्याला व्होल्टेज स्थिर लागतं, नाहीतर बॅटरी १२ वर असताना एक आकडा आणि अल्टरनेटर १४ देताना दुसरा. म्हणून जुन्या गाड्यांत छोटी डबी असायची, तीही बायमेटलची, सतत चालू-बंद होऊन सरासरी व्होल्टेज खाली आणणारी. लँड रोव्हरसारख्या ब्रिटिश गाड्यांत १० व्होल्ट, अमेरिकन गाड्यांत ५. काट्याच्या मल्टिमीटरवर तिचं आउटपुट धडधडताना दिसतं. चावी फिरवताच टुणकन जागेवर येणारा काटा चुंबकी असतो, त्याला या डबीची गरज नाही.

डबी चिकटली असेल तर पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, म्हणजे तापकीर गल्लीत (फोनचा ऑटोकरेक्ट काय काय करतो!), ७८०५ घ्या. किरकोळ किमतीचा तीन पायांचा आयसी, ५ व्होल्ट घट्ट धरतो. त्याची पत्र्याची पाठ आतून अर्थलाच जोडलेली असते, त्यामुळे तो सरळ डॅशबोर्डच्या पत्र्यावर स्क्रूने आवळता येतो आणि उष्णताही तिथेच जाते. १४ व्होल्ट आत, ५ बाहेर आणि ०.३ अँपिअर करंट धरला तर पावणेतीन वॉट उष्णता होते, तेव्हा हवेत लोंबकळत ठेवू नका. १० व्होल्टसाठी एलएम३१७ (हवं ते व्होल्टेज लावता येणारा तसाच आयसी) वापरलात तर त्याची पाठ आउटपुटला जोडलेली असते. अभ्रकाचा तुकडा न घालता पत्र्यावर आवळलात तर थेट शॉर्ट.

घाटवाट:
आणि कुणीतरी इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून "अल्टरनेटर चार्ज करतोय का बघू" म्हणाला की तुमच्या आयसीची राखरांगोळी. जुनी डबी असे झटके पचवायची. आमच्याकडचे मिस्त्री हा प्रयोग अजूनही मोठ्या हौसेने करतात.

ओहम_पुणे:
@घाटवाट, मुद्दा मान्य. आयसीच्या आधी सर्ज शोषणारा डायोड टाकायचा. आणि मिस्त्रीचा हात धरायचा.

कोलोरॅडोकर:
माझी गाडी तिकडची नाही, सीजे-७ ही अमेरिकन जीप आहे, पण कुळ एकच म्हणून लिहितो. १९७६ ते १९८६ च्या सीजेमध्ये ५ व्होल्टचा रेग्युलेटर पेट्रोलच्या काट्याच्या पोटातच असतो आणि टेंपरेचरच्या काट्याला वीज तिथूनच जाते. त्यामुळे पेट्रोलचा काटा मेला की टेंपरेचरही गप्प होतो, आणि लोक थर्मोस्टॅट बदलत बसतात. नवे काटे बसवा म्हणणाऱ्यांनी सेंडरचे ओहम पाहावेत. सीजेचा टाकीतला सेंडर रिकाम्या टाकीला ७३ ओहम आणि भरलेल्या टाकीला १० ओहम देतो. बाजारात सर्रास मिळणारा युनिव्हर्सल काटा २४० ते ३३ चा असतो. ही जोडी लावली तर टाकी कोरडी असताना काटा अर्ध्याच्या वर उभा. युरोपियन पद्धतीचा सेंडर उलटा, रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. मीटर बदलायचा तर सेंडरसकट बदला, नाहीतर दोन्ही राहू द्या.

जुनं_खोड:
मुलांनो, वाचून करमणूक झाली. सीजे३बी चालवली, तीही ६ व्होल्टची. डिझेल-पेट्रोल बघायला टाकीत काठी, ऑइल बघायला डिपस्टिक, तापतंय का बघायला नाक. रेडिएटरचा वास आला की थांबायचं. गाडीचा आवाज ओळखता येत नसेल त्याने वीस मीटर लावले तरी हेड फुटणारच.

चिपळूणची_गाडीवाली:
काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण कुंभार्ली घाटात पावसात काचा बंद, इंजिन फर्स्ट गिअरमध्ये बोंबलतंय आणि शेजारचा ट्रक धूर सोडतोय. कुठला वास आणि कुठला आवाज? आणि डिझेल संपलं तर पेट्रोलसारखं ओतून निघता येत नाही. लाइनमध्ये हवा शिरते, हँड प्रायमर मारत, नट सैल करत हवा काढत बसावं लागतं. जुन्या टाकीच्या तळाचा गाळ फिल्टरकडे ओढला जातो तो वेगळाच. डिझेलचा काटा हा चैनीचा विषय नाही.

पण इथे मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकवाले दोघेही एक गोष्ट विसरताय. दोन्हींचा सेंडर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. होज फुटला, कूलंट गेलं, की सेंडर वाफेत किंवा हवेत लोंबतो आणि काटा खाली येतो. नेमकं इंजिन जळतंय तेव्हाच! ऑस्ट्रेलियातले जुन्या डिझेल फोरव्हीलवाले यावर उपाय म्हणून पाण्याऐवजी धातूचं तापमान मोजतात. थर्मोस्टॅट हाउसिंगच्या नाहीतर हेडवरच्या एखाद्या बोल्टखाली रिंगसारखा सेन्सर आवळायचा, आत डिजिटल आकडा आणि अलार्म. कूलंट असो वा नसो, धातू गरम झाला की बोंब मारतो. माझ्या गाडीत मूळचे काटे आहेत तसे ठेवलेत, भरवसा त्या अलार्मवर.

कातळगाडी:
@चिपळूणची_गाडीवाली, ताई, हा मुद्दा माझ्या पोस्टपेक्षा वजनदार आहे. फक्त अलार्म किती अंशांवर लावायचा हे रोजचा आकडा आठवडाभर पाहून ठरवायला हवं ना? बोल्टखालचं तापमान कूलंटच्या तापमानाशी जुळणार नाही.

चिपळूणची_गाडीवाली:
बरोबर. घाट चढून वर पोचल्यावर जो जास्तीत जास्त आकडा दिसतो, त्याच्या दहा-बारा अंश वर लावायचा. आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा.

घाटवाट:
डिजिटलवाल्यांना एक विचारतो. भर उन्हात, टप काढलेल्या जीपमध्ये तो लाल आकडा दिसतो का? काटा तिरप्या नजरेनेही कळतो, वाचावा लागत नाही.

चिपळूणची_गाडीवाली:
म्हणूनच बझर. आकडा रात्री बघायचा.

जुनं_खोड:
बझर वाजायला लागला की पोरं वायर काढून टाकतात. पाहिलंय.

उद्यमनगरी:
काट्यांचं बोलतोच आहोत तर अँपिअर मीटरचं काय? आमच्या जुन्या जीपमध्ये -३० ते +३० चा आहे आणि तो मी मरेपर्यंत काढणार नाही. अल्टरनेटरचा पट्टा तुटला की काटा त्याच क्षणी मायनसमध्ये जातो. व्होल्टमीटरवर व्होल्ट हळूहळू उतरत जातात.

ओहम_पुणे:
आणि मी तो पहिल्या दिवशी काढेन. त्या मीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा करंट जातो, स्टार्टर सोडून. हेडलाइटचे दोन ६० वॉटचे बल्ब म्हणजे १० अँपिअर. वर तुम्ही १०० वॉटच्या दोन जाळीवाल्या लाइटी लावल्यात, त्या जवळपास १७. झाले २७, अजून वायपर, हॉर्न बाकी. मीटर ३० चा. त्याच्या मागच्या नटाला थोडा सैलपणा आला की तो तापतो, वायरीचं प्लास्टिक वितळतं, आणि त्या वायरीत बहुधा फ्यूज नसतो. डॅशबोर्डमागे आग! व्होल्टमीटरला करंट नगण्य लागतो. इंजिन बंद असताना १२.६, चालू असताना १३.८ ते १४.४, एवढं लक्षात ठेवायचं.

उद्यमनगरी:
जादा लाइटी रिलेवरून थेट बॅटरीला लावा की. मीटरमधून कशाला नेता?

ओहम_पुणे:
थेट बॅटरीवरून घेतल्या तर इंजिन चालू असताना त्यांचाही करंट अल्टरनेटरकडून मीटरमधूनच बॅटरीकडे येणार, कारण अल्टरनेटरची वायर मीटरच्या पलीकडच्या टोकाला आहे. शिवाय काटा प्लसमध्ये दिसेल आणि तुम्ही म्हणाल, "व्वा, छान चार्ज होतंय." एकदा वायरिंग कागदावर काढून बघा.

उद्यमनगरी:
काढून बघतो. पण अल्टरनेटरच्याच खुंटावरून घेतल्या तर?

ओहम_पुणे:
मग इंजिन चालू असताना मीटर वाचेल. इंजिन बंद करून लाइटी चालू ठेवल्यात तर उलट दिशेने सगळं मीटरमधूनच. शंट (बहुतेक करंट मीटरच्या बाहेरून नेणारी पट्टी) लावलेला मीटर घ्या, हट्टच असेल तर.

घाटवाट:
स्पीडोमीटरचं कोणीच काही बोललं नाही. माझ्या जिप्सीला २०५/७० आर १५ काढून २३५/७५ आर १५ टाकलेत.

कोलोरॅडोकर:
@घाटवाट, व्यास ६६८ मिमीवरून ७३३ वर गेला, म्हणजे मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावतेय. ओडोमीटरही तेवढंच कमी मोजणार, अॅव्हरेज काढताना धरा. काटा थरथरत असेल तर केबल काढून पुसा, हलकं ग्रीस लावा, तेही खालच्या भागाला. वरपर्यंत चोपडलं तर मीटरच्या डोक्यात चढतं.

कातळगाडी:
मित्राला कळवलंय. आधी अर्थची वायर, मग सेंडर काढून भांड्यात पाणी उकळून मल्टिमीटरवर रोध घटतोय का ते बघणं, आणि ताईंचा बोल्टखालचा सेन्सर. वायरमनने काढलेला जुना सेट अजून गाडीच्या डिकीत पडलाय, तो परत बसवून पाहणार. मेकॅनिकल ऑइल प्रेशरबद्दल उद्यमनगरींचं पटतंय. तांब्याची नळी किती मिमीची घ्यायची आणि आटे कुठले, तेवढं सांगा.

उद्यमनगरी:
आटे अंदाजाने सांगत नाही. जुना सेंडर काढून घेऊन या, त्याच्यावर गेज लावून बघू. टेफ्लॉन टेप गुंडाळून आणू नका म्हणजे झालं.