दिवसाची कामं कशी लावता? पहिलं काम कोणतं, आणि सोडलं कोणतं?

मंडळी, नमस्कार.

वेळेचं नियोजन म्हटलं की दोन पद्धती हमखास समोर येतात. एक अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या नावाने ओळखली जाणारी, तातडीचं आणि महत्त्वाचं अशी कामं चार घरांत वाटायची. दुसरी पोमोडोरो, म्हणजे २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती. ही १९८०च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून काढली. दोन्ही उपयोगी आहेत. पण या पद्धती टेबल-खुर्चीवर बसणाऱ्यांना जास्त लागू पडतात असं मला राहून राहून वाटतं. आपल्या कोल्हापुरात कोणाचा दिवस म्हैस ठरवते, कोणाचा भट्टी, कोणाचा नळ. म्हणून तुमच्याकडून ऐकायचं आहे. दिवसातलं कुठलं काम तुम्ही आधी धरता आणि का? आणि कुठलं काम मुद्दाम सोडून दिलंत? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरूर द्या, त्यावर कोणी बोलत नाही.

माझ्यापासून सुरुवात करतो. माझं हिशेब लिहायचं काम. व्यापाऱ्यांची जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) ची तारीख ११, ३बी (कर भरायचं रिटर्न) ची २०. सगळ्यांच्या डोक्यात या दोन तारखा बसलेल्या असतात. माझ्या मते खरी तारीख १ आहे, कारण १ तारखेला बिलं मागायला सुरुवात केली तरच ११ ला रिटर्न शांतपणे भरता येतं. त्यामुळे महिन्याचे पहिले तीन दिवस मी फक्त फोन करतो. सोडलं काय? सकाळी उठल्या उठल्या व्हॉट्सअ‍ॅप बघणं. अकरा वाजता एकदाच सगळ्यांना उत्तरं देतो, आणि गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली आहे.

करवीर तालुक्यातून, घरी चार म्हशी

दादा, आमच्यात यादी-बिदी न्हाई. म्हशीच्या वेळा हायत, त्यावर घर चालतंय. मी पहाटे उठलो की आधी चूल न्हाई, गोठा. शेण काढायचं, भिजवलेली पेंड पुढ्यात ठेवायची, कास धुवायची, मग धारेला बसायचं. म्हस पान्हवली की सात-आठ मिनिटांत धार उरकाय लागती. मधी उठलं की पान्हा जातोय, मग कितीबी वडा, ती दूध चोरती. म्हणून धारेला बसलो की फोन घरात. पोरगं रडलं तर सासूबाई बघत्यात. घरात समद्यांस्नी ठाव हाय, कोण हाक मारत न्हाई.

मग डेअरी. संकलन बंद व्हायच्या आत किटली पोचली तर पैसे, न्हाईतर दूध घरात. फॅटची पावती हातात आली की मग भांडी, धुणं, वैरण, भांगलण. त्यात पुढं-मागं झालं तर काय बिघडत न्हाई. समदी कामं सारखीच महत्त्वाची असं लोक म्हणत्यात, मला ते पटत न्हाई. सकाळची धार आणि संध्याकाळची धार, ह्या दोन वेळा मी कुणाला देत न्हाई. सोडलं म्हणाल तर रोज दोन्ही वेळच्या वेगवेगळ्या भाज्या. एकच करतो आणि भाकरी ताजी.

शिरोली एमआयडीसी, फौंड्रीत सुपरवायझर

वहिनींनी पान्ह्याचं लिहिलंय ते वाचून लगेच लिहायला बसलो. आमच्याकडे ते काम मॅग्नेशियम करतं. एसजी आयर्न (गोल ग्रॅफाइटचं मजबूत ओतीव लोखंड) ओतताना लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिली की साधारण दहा मिनिटांत धातू साच्यात गेला पाहिजे. उशीर झाला की मॅग्नेशियम कमी होत जातं, ग्रॅफाइट गोल राहत नाही. कास्टिंग दिसायला झकास, ताकदीला नापास.

म्हणून आमची शिफ्ट उलट्या बाजूने लावतात. ओतायचं किती वाजता, हे पहिलं ठरतं. त्याच्या आधी कोअर (आतली पोकळी घडवणारे वाळूचे ठोकळे) बसवून साच्याचे बॉक्स बंद झालेले हवेत. त्याच्या आधी लॅडल तापलेली हवी, त्याच्याही आधी चार्ज (वितळवायचा माल) भरून फर्नेस चालू. आणि सगळ्यात आधी वाळूचा ओलावा तपासलेला हवा. हे वाळूचं काम दिवसातलं सगळ्यात बिनघाईचं. साहेब विचारत नाही, गिऱ्हाईक विचारत नाही. पण वाळू जास्त ओली असली की साच्यात वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. ब्लो होल म्हणतो आम्ही. पुष्कळदा त्या आतल्या बाजूला असतात, मशीनिंगला माल गेल्यावर दिसतात. तोवर लॉटच्या लॉट ओतून झालेला असतो. म्हणून मी गेटमधून आत आलो की चहाच्या आधी वाळू बघतो. नव्या पोरांनाही हेच शिकवतो, फर्नेसकडे सगळेच बघतात, तू वाळूकडे बघ.

घरीही उलटं मोजायची सवय लागली आहे. मुलीची रिक्षा पावणेसातला, म्हणजे दप्तर आणि इस्त्री आदल्या रात्री. सोडलंय ते सुट्टीच्या दिवशी कारखान्यातले फोन घेणं. खरंच अडलं तर कोणाला विचारायचं, ते नाव बोर्डवर लिहून येतो.

(वाळूचा मुद्दा मी आमच्या ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला. ज्या कामाबद्दल कोणी विचारणार नाही तेच मागे पडतं, हे अगदी खरं आहे. — धागाकर्ता)

शाहूपुरी, कुंभार गल्लीजवळ

आमच्याकडची यादी पावसाळ्यापुरती, पण ती भिंतीवर कायम आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर केली. तारीख-वार नाही, फूट लिहिले आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. आम्ही त्याच्या अलीकडून सुरू करतो. पाणी ३५ फुटांवर गेलं की कागदपत्रांची पिशवी, आईची महिन्याची औषधं आणि चार्जर एका जागी. ३९ ला धान्य, गाद्या, शिलाई मशीन माळ्यावर, गाडी उंचावर नेऊन लावायची. ४३ ची वाट बघायची नाही, त्याआधी आईला बहिणीकडे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की यादीतला पुढचा टप्पा लगेच हातात घेतो.

याचा फायदा असा की त्या वेळी घरात वाद होत नाही. फ्रिज आधी की कपाट, हे मे महिन्यातच ठरलंय. (फ्रिज. पण माणसं कमी असली तर तो सोडून द्यायचा, हेही लिहिलंय.)

अभ्यासिकेतून

मी एमपीएससी करतोय आणि पोमोडोरो वापरतो, पण २५ मिनिटांचं नाही. पूर्व परीक्षेचा पेपर सलग दोन तासांचा असतो, तेवढं बसायची सवय हवी. सकाळी गणित आणि बुद्धिमत्ता, कारण दुपारी माझं डोकं चालत नाही. पेपर वाचन जेवणानंतर. सोडलं ते टेलिग्रामवरच्या पीडीएफ जमवणं.

राजारामपुरी, नोकरी करणारी

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, एका वेळी चार तास. ते तीन दिवस आधी कॅलेंडरवर भरते, मग उरलेल्या जागेत माझा आठवडा बसवते. पूर्वी उलटं करायचे, तेव्हा रोज धावपळ व्हायची.

बाकीच्या दिवशी पहिलं काम बाबांच्या पाण्याची बाटली भरणं. दिवसभराचं पाणी मोजून त्या एका बाटलीत. चहा-ताक झालं तर तेवढं त्यातून कमी. मग भाजी चिरून भरपूर पाण्यात भिजत घालते, नंतर ते पाणी टाकून नव्या पाण्यात शिजवते. त्याने पोटॅशियम कमी होतं. आहारतज्ज्ञांनी शिकवलंय. ही दोन कामं सकाळी झाली की ऑफिसात माझं चित्त ऑफिसात असतं.

सोडलं पुष्कळ. लग्नं-बारशी, दिवाळीचा घरचा फराळ, रविवारची झाडलोट. नातेवाइकांना सांगून टाकलं, आता कोणी रुसत नाही. एक गोष्ट मात्र सोडलेली नाही. डायलिसिसच्या चार तासांत बाबांजवळ भाऊ बसतो तेव्हा मी रंकाळ्याला एक फेरी मारून येते. ते माझ्या यादीत औषधांच्या खालीच लिहिलेलं आहे, आणि भावालाही माहीत आहे की ती वेळ मोडायची नाही.

सुभाषनगर, चप्पल कारागीर

ताई, तुमच्या बाबांना बरं वाटू दे.

आमचं काम उन्हावर. पावसात कातडं नीट वाळत नाही, बुरशी धरते. म्हणून तळ कापणं, ठोकणं, वाळवणं हे सगळं मे अखेरपर्यंत रेटतो. तेव्हा वेणी-गोंड्याची ऑर्डर आली तरी ती बाजूला ठेवतो. ते घरात बसून पावसात होतंय. जूनपासून बायको आणि मी वेण्या घालतो, कान (तळाच्या बाजूचे चामड्याचे तुकडे) आणि पट्टे तयार करतो. गिऱ्हाईक घाई करतं, त्याला तळ दाखवून सांगतो की हे वाळल्याशिवाय पुढं जाणार नाही. बहुतेक जण थांबतात.