अनुभव धागा : ड्रिफ्टसाठी स्वस्तातले टायर, कुणी काय बसवलं आणि पुढं काय झालं

कळंबेकर :
काल गौरीचा पितळी डबा शोधायला माळ्यावर चढलो तर मागं कोपऱ्यात एक टायर. हात घातला आणि बोटात तारच घुसली. एका बाजूला अजून नक्षी शिल्लक, दुसऱ्या बाजूला पार गोटा, आणि गोट्याच्या मधोमध तीन बोटं रुंद पट्ट्यात आतली स्टीलची तार ब्रशच्या केसांसारखी बाहेर आलेली. लगेच कळलं कुठला ते. आमच्या दादाच्या कॉन्टेसाचा मागचा डावा.

२००३ ची गोष्ट. दादानं जुनी कॉन्टेसा घेतलेली, १.८ इसुझू इंजिनवाली, ताकद मागच्या चाकांना. आमच्याकडच्या एका साखर कारखान्याचं गाळप संपलं की उसाच्या गाड्या उभ्या राहतात ते यार्ड पावसाळ्यात मोकळं पडायचं, तिथं रीतसर विचारून रविवारी सकाळी ड्रिफ्ट करायला, म्हणजे मागची चाकं घसरवत गाडी आडवी फिरवायला जायचो. मी शाळेत होतो, माझं काम जॅक लावायचा, नट ढिले करायचे आणि टायरला हात लावून किती तापलाय ते सांगायचं. जुने टायर दादा दोनशे-तीनशेला एक असे आणायचा, अर्ध्या तासात जोडी संपायची. घरी आल्यावर चाकाच्या वरच्या पत्र्यात रबराचे तुकडे बारीक शेवेसारखे चिकटलेले असायचे, ते काढायचं काम पण माझंच आणि मला ते लई आवडायचं. दादाचा नियम एकच होता, पैसे वाचवायचे ते मागच्या चाकात, पुढं चांगलेच टायर पाहिजेत, कारण गाडी आडवी झाल्यावर तिला परत सरळ आणणार ते पुढचं चाक.

आता माझा पुतण्या जुनी गाडी बघतोय आणि स्वस्तातले टायर कुठले घेऊ म्हणून माझ्या मागं लागलाय. तुमचे अनुभव सांगा, चांगले वाईट सगळे. आणि एक, टायरच्या कडेला शेवटी ३५८ आणि बारका त्रिकोण आहे, ते काय असतं?

फौंड्रीवाला_शिरोली :
३५ वा आठवडा आणि साल ८ वर संपणारं. २००० च्या आधी तीनच आकडे असायचे, नंतर चार झाले, म्हणजे आता ३११९ दिसलं तर २०१९ चा ३१ वा आठवडा. त्रिकोण म्हणजे नव्वदीतलं साल, सगळ्या कंपन्या काढायच्या नाहीत. तुमचा टायर १९९८ च्या ऑगस्टअखेरचा. दादानं २००३ ला बसवला तेव्हाच पाच वर्षांचा होता बघा, रबर कडक झालेलं, म्हणून मागची बाजू पटकन सुटत असणार.

नादखुळा_८८ :
कॉन्टेसा!!! भावा फोटो टाक की

रिमोल्ड_नको :
पुतण्याला पहिलं हे सांगा की रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवीन रबर चढवलेला टायर घेऊ नको. मी घेतलेले, दोन नग, नवीन दिसत होते, नक्षी एकदम खोल, किंमत निम्म्याहून कमी. दुकानदार म्हणाला उसाच्या ट्रॉलीला हेच चालतात. चालत्यात की, पण ट्रॉली वीसच्या स्पीडनं सरळ जाते. माझी गाडी तिसऱ्या वळणाला आडवी झाली आणि मागनं धाड धाड आवाज, उतरून बघतो तर वरचा पट्टा पोळीच्या पापुद्र्यासारखा सुटून लोंबतोय आणि आतल्या बाजूला ब्रेकचा पाईप ठोकरून वाकलेला. पाईप फुटला असता तर ब्रेकच गेला असता आणि समोर भिंत होती. त्या दिवशी घरी हळूहळू आलो, कुणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितोय. तापणं आणि आडवा ताण दोन्ही एकदम आलं की तो जोड टिकत नाही.

कळंबेकर :
बाप रे. बरं झालं सांगितलंस.

पंक्चरवाल्याचं_पोरगं :
आमचं टायरचं दुकान, वडील तीस वर्षं करत्यात. जुना टायर घेताना बाहेरनं काळं पॉलिश मारलेलं असतंय, त्याच्याकडं बघूच नका, आतनं बघा. आत हात फिरवायचा, मोठा पॅच लागला किंवा साईडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भागाला, पंक्चर काढलेलं दिसलं की ठेवून द्यायचा. बाहेर फुगा आलाय का बघा. कडेची तार, म्हणजे चाकाच्या डिस्कवर बसते ती गोल कड, फाटलेली नको. आणि काही जण गोटा झालेल्या टायरला गरम पात्यानं नक्षी कोरून विकत्यात. ओळखायचं कसं, तर नक्षीच्या खाचेत मधे मधे बारक्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटरच्या, टायर तिथपर्यंत घासला की बदला म्हणून. कोरलेल्या टायरमध्ये त्या पट्ट्या पण कापलेल्या असतात, खाच सलग दिसते. हे एकदा समजलं की कुणी फसवत नाही.

सगळ्यात भारी माल म्हणजे नव्या गाडीतनं उतरलेले. शोरूममधनं गाडी आली की लोक आठवड्यात रुंद टायर टाकत्यात, कंपनीचे टायर आमच्याकडं सोडून जात्यात, हजार-पाचशे किलोमीटर चाललेले. ते विचारून ठेवा, ओळखीच्या दुकानदाराला नंबर देऊन ठेवा.

स्विफ्टवाली_राजारामपुरी :
माझी पुढच्या चाकांवर चालणारी, त्यामुळं तुमच्यासारखं धूर काढत जाता येत नाही, हँडब्रेकनं मागची बाजू सोडावी लागते. टायरचा साइज १६५/८० आर १४. मी मागं मुद्दाम जुने कडक टायर ठेवलेत आणि पुढं नवीन. पण हँडब्रेक ओढून धरला तर चाक जाम होऊन एकाच जागी घासतं आणि तिथं सपाट होतं, मग घरी येताना पूर्ण रस्ता धब धब धब. पहिल्या महिन्यात दोन टायर असेच घालवले. आता ओढते आणि लगेच सोडते. टायर ओल्या जमिनीवर निम्मे सुद्धा झिजत नाहीत, शिकायचं असेल तर पाणी मारलेलं पटांगणच घ्या. चुका पण हळू होतात, समजायला वेळ मिळतो.

गंगावेश_दूधकट्टा :
राजारामपुरीत कुठं ओ ताई, मी नवव्या गल्लीत होतो

स्विफ्टवाली_राजारामपुरी :
पाचव्या 🙂 आता कळंब्याला.

जुनी_बीएमवाला :
बीएमडब्ल्यू ३२० डी, ई ९० मॉडेल, जुनी घेतली. तिला रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे टायर होते, साईडवॉल कडक आणि किंमत डोळे पांढरे करणारी, ते काढून साधे बसवले, २०५/५५ आर १६, चारी एकच साइज. हेच महत्त्वाचं. पुढचे जरा झिजले की मागं जातात आणि नवीन जोडी पुढं येते, म्हणजे खर्च कायम दोनच टायरचा आणि पुढं कायम चांगलं रबर. रुंद मागचे बसवले तर ही अदलाबदल बंद. दुसरं म्हणजे जुन्या बाजारातनं दोन साध्या पत्र्याच्या डिस्क घेऊन ठेवल्या, मागचे टायर घरूनच चढवून नेतो, संपले की पाना लावून बदलले, जाग्यावर फिटिंग नाही.

हवा मागं ४० च्या पुढं ठेवतो, पुढं ३२. टायरवर मॅक्स प्रेशर लिहिलेलं असतं, ४४ नाहीतर ५१, त्याच्या वर कधीच नाही, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी मोजतो कारण तापला की आकडा आपोआप चढतो. काही टायरवर ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो, २०० म्हणजे मऊ, लवकर संपणार, ४००-५०० म्हणजे कडक, टिकणार. मागं मी ४०० च्या वरचेच बघतो. धूर कमी निघतो, पण सकाळी बसवलेला टायर दुपारपर्यंत पोचतो आणि मला गाडी चालवायची आहे, धूर काढायचा नाही.

उचगाव_२०१९ :
पुराचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०१९ ला पाणी आलं, शिरोलीजवळ हायवे बंद होता, आमच्या भागात कित्येक गोडाऊन बुडाली. पाणी ओसरल्यावर एका ठिकाणी धुवून काढलेले टायर फार स्वस्तात मिळत होते, मी चार घेतले. रबराला पाण्यानं लगेच काही होत नाही हे खरं, पण त्यातल्या दोघांना बारकी चीर होती, आत पाणी जाऊन तार गंजली असणार, दोन महिन्यांत त्याच जागी फुगा आला. हळू चालवत होतो म्हणून वाचलो. त्या वेळी सगळ्यांचंच नुकसान झालेलं, विकणाऱ्यावर राग नाही, त्याचं तर सगळं दुकान गेलेलं. पण घेणाऱ्यानं चीर बघावी.

फौंड्रीवाला_शिरोली :
२०२१ ला पण परत तेच झालं. आमच्या शेडमध्ये कमरेएवढं पाणी होतं, मोटारी भिजल्या, ओतकामाच्या कोअरची वाळू पूर्ण वाया. ते दिवस नकोत.

ओम्नीदादा_कागल :
ओम्नी करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका करू. ताकद मागच्या चाकांना आहे हे खरं, वजन हलकं, १४५ आर १२ टायर स्वस्त, म्हणून पोरांना मोह होतो. ८०० सीसीचं इंजिन, कोरड्यावर ती सुटत नाही, चिखलात सुटते आणि सुटता सुटता मधेच कोरडं लागलं की टायर एकदम पकडतो. उंच गाडी, दोन चाकांवर उभी राहिली आमची, आत मी आणि मावसभाऊ, मोजून एक सेकंद असेल पण मला अजून खिडकीतनं दिसलेला मुरूम आठवतोय.

पाचगावकरीण :
मी गाडीतलं काही समजणारी नाही, माझा मुलगा यात आहे म्हणून वाचत होते. टायर कुठला पण घ्या पण रस्त्यावर करू नका रे. घाटात तर नाहीच. रात्री अकरा वाजले की माझं लक्ष गेटकडं असतं.

जुनी_बीएमवाला :
काकू बरोबर आहे तुमचं. रस्त्यावर शर्यत लावली की मोटार वाहन कायद्याचं १८९ कलम लागतं, पहिल्यांदा पाच हजारांपर्यंत दंड आणि कैद पण होऊ शकते. शिवाय शर्यतीत गाडी ठोकली तर विमा कंपनी पैसे देत नाही, पॉलिसीतच लिहिलेलं असतं. मुलाला माझ्याशी बोलायला सांगा, बंद जागेत एकत्र जाऊ, येताना मीच सोडतो.

पाचगावकरीण :
सांगते. देव भलं करो तुझं.

उद्यमनगर_लेथ :
डिफरन्शियलचं, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं, कुणी बोलेना. कंपनीचा डिफ उघडा असतो, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू शकतात, वळणात आतलंच चाक फिरत राहतं आणि तोच एक टायर संपतो. कळंबेकर, तुमचा डावा टायर एका बाजूनं तार निघेपर्यंत गेलाय, उजवा कसा होता आठवतंय का? आमच्याकडं पोरं डिफ वेल्ड करून न्यायला येतात, मी करून देतो पण आधी सांगतो की मग दोन्ही चाकं कायम एकाच वेगानं फिरणार, गावातल्या वळणात टायर किंचाळणार, एक्सलवर ताण येणार, ती गाडी रोजच्या वापराची राहत नाही. टायर दोन्ही सारखे झिजतात एवढा फायदा.

प्राध्यापक_काका :
आमच्या भाच्यानं कॉलेजच्या पोरांबरोबर तीनचाकी केली, पुढं सायकलचं चाक, मागं दोन बारक्या चाकांवर पीव्हीसी पाईपचे तुकडे चढवलेले. रबर नाहीच म्हटल्यावर ती उतारावर अशी घसरते की बघत राहावं. पाईप झिजला की शेतीच्या दुकानातनं नवीन तुकडा. सगळ्यात स्वस्त टायर तोच म्हणायचा 😄

नादखुळा_८८ :
नाद खुळा काका. रविवारी पोरांना घेऊन या की, नंतर मिसळ माझ्याकडनं

गंगावेश_दूधकट्टा :
मिसळीला मी पण येतो

कळंबेकर :
सगळ्यांचं वाचलं, पुतण्याला धागा पाठवला. उद्यमनगर साहेब, दादाला आत्ता फोन करून विचारलं. तो म्हणाला उजव्याला अजून निम्मी नक्षी होती, म्हणून तो स्टेपनीत टाकलेला आणि गाडीबरोबरच गेला. डावा त्यानंच माळ्यावर ठेवला होता, त्याच्या शेवटच्या रविवारचा म्हणून, पुढच्या महिन्यात त्यानं कॉन्टेसा विकली आणि त्यातनं ताईच्या लग्नाचा हॉल ठरवला. हे मला वीस वर्षं माहीतच नव्हतं. रविवारी बघायला येतोय. टायर खाली अंगणात आणून ठेवलाय, आई म्हणत्या त्यात अळू लावू का.

पंक्चरवाल्याचं_पोरगं :
लावू द्या की, पण आधी त्या तारा पक्कडीनं मुळातनं कापून घ्या, काकूंच्या हाताला लागतील. नाहीतर शनिवारी दुकानावर घेऊन या, मी कापून देतो.