अंकोर एका दिवसात : ग्रुप टूर निवडताना तुम्ही काय पाहिलंत?

कंबोडियाला जायचं ठरल्यापासून आईचा एकच हट्ट होता, समुद्रमंथन बघायचं. अंकोर वाट देवळाच्या पूर्वेकडच्या ओवरीत, दक्षिणेच्या अंगाला, जवळजवळ ४९ मीटर लांबीचा तो शिल्पपट आहे. मध्ये विष्णू, खाली कूर्म, एकीकडे ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, आणि वर सगळीभर उडणाऱ्या अप्सरा.

अंकोरजवळच्या सिएम रीप शहरातून आम्ही एक दिवसाची ग्रुप टूर घेतली. पत्रकावर सात ठिकाणं होती. दुसऱ्या कंपनीच्या पत्रकावर चारच होती, म्हणून सातवाली घेतली. अंकोर वाटला सव्वा तास मिळाला. हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे आत शिरताना पश्चिमेची ओवरी आधी लागते. तिथलं कुरुक्षेत्र चालता चालता पाहिलं, मधल्या चौकात फोटो झाले आणि गाईड मागे वळला. पूर्वेची ओवरी देवळाच्या पार पलीकडे. तिथे जायला वेळच धरलेला नव्हता. आई काही बोलली नाही. व्हॅनमध्ये बसल्यावर बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाली, "मंथन राहिलं गं."

अंकोरची देवळं बघायचा आमचा पास तीन दिवसांचा होता म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी टुकटुक करून परत गेलो. चुकून हात लागू नये म्हणून आईने दोन्ही हात पाठीमागे धरले होते. वासुकीच्या शेपटीपासून फण्यांपर्यंत ती एकेक चेहरा बघत गेली आणि तशीच परत आली. पाऊण तास. मी बाजूला बसून राहिले.

तेव्हापासून मला कुणी टूर विचारली की मी ठिकाणं किती हे विचारतच नाही. अंकोर वाटच्या आत किती वेळ देतात आणि कुठल्या ओवऱ्या दाखवतात, एवढं लेखी विचारून घ्या असं सांगते. अनोळखी लोकांबरोबर व्हॅनमध्ये बसून ही टूर केलेले तुमच्यात बरेच जण असतील. कशावरून निवडली, काय साधलं, काय हुकलं, ते सविस्तर लिहा. पुढच्या महिन्यात माझी मावशी चालली आहे, तिलाही वाचायला देणार आहे.

*

आम्ही दोघांनी सूर्योदयाची टूर घेतली होती, बारा जणांची व्हॅन. सगळ्यात आधी पासाचं सांगतो, कारण गोंधळ तिथेच होतो. टूरच्या पैशांत पास बहुधा धरलेला नसतो. एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. पासावर तुमचा फोटो असतो आणि देवळादेवळाशी तो तपासतात. आम्ही आदल्या संध्याकाळी पाचनंतर काढला, तो दुसऱ्या दिवसाचा धरला गेला. व्हॅनमधल्या चौघांकडे पास नव्हता. पहाटे खिडकीपुढे रांग, आणि आम्ही आठ जण बाहेर बसून आकाश फिकट होताना बघतोय. तेव्हा बुकिंग करतानाच विचारा, सगळ्यांचा पास आधी काढलेला असेल ना?

सूर्य देवळाच्या मागून वर येतो. कळस आधी काळे दिसतात, मग कडा तांबूस होत जातात. डावीकडच्या तळ्याशी, जिथे प्रतिबिंब पडतं, तिथे पाय ठेवायला जागा नसते. खरी मजा मात्र त्यानंतरची. उजाडल्यावर बहुतेक गट नाश्त्याला हॉटेलवर परतले. आमच्या गाईडने सगळ्यांना विचारलं, "आधी देऊळ की आधी नाश्ता?" सगळे देऊळ म्हणाले. सातच्या सुमाराला कुरुक्षेत्राच्या भिंतीसमोर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. शरपंजरी पडलेले भीष्म तिथे आहेत. व्हॅनमधली एक फ्रेंच बाई मला विचारत होती हे कोण म्हणून. मी तिला बाणांच्या उशीची गोष्ट सांगितली. गाईडही शेजारी उभा राहून ऐकत होता.

सूर्योदयाची टूर घेणार असाल तर सूर्योदयानंतर कुठे नेतात ते बघूनच घ्या.

*

माझे वडील ७४ वर्षांचे, गुडघे दुखरे. स्वस्त पडते म्हणून मी मोठ्या बसची टूर घेतली. पस्तीस माणसं. ती घेऊ नका एवढ्यासाठीच लिहितोय.

मोठ्या बसचा वेळ माणसं मोजण्यातच जातो. अंकोर थोम या जुन्या राजधानीच्या दक्षिण दरवाज्याशी बस बाहेरच थांबली, कारण दरवाजा अरुंद आहे. तिथून दुसऱ्या गाडीत बसायचं. बाबा प्रत्येक वेळी शेवटी चढायचे आणि सगळा गट त्यांच्याकडे बघत थांबायचा. तिसऱ्या ठिकाणी ते म्हणाले, "तुम्ही या जाऊन, मी इथेच बसतो." ते बायोन देवळाचं दार होतं. दोनशेच्या आसपास दगडी चेहरे आहेत तिथे, आणि माझे बाबा बाहेर झाडाखाली बसलेले.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर आठ-दहा जणांपेक्षा मोठा गट नको, आणि व्हॅनची पायरी किती उंच आहे तेही विचारा. अंकोर वाटच्या सगळ्यात वरच्या चौथऱ्याचा, बाकानचा, आग्रह धरू नका. जिना फार उभा आहे आणि खालची रांग उन्हात असते. उपोसथाच्या, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या दिवशी तो भाग बंदच असतो. आमच्या दिवशी नेमका बंद होता. बाबांना त्याचं बरंच वाटलं, कारण मग सगळेच खाली राहिले.

*

मुलांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बारा वर्षांखालच्यांना पास लागत नाही, पण वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. बाकानवर मात्र बारा वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, हे आम्हाला रांगेत उभं राहिल्यावर कळलं. मी लेकीला घेऊन खाली थांबले, नवरा वर जाऊन आला. गट आमच्यासाठी खोळंबला नाही, ठरलेल्या खांबापाशी भेटायचं होतं. गाईडने अशी जागा आधीच दाखवून ठेवली तर जीव घाबरत नाही.

माझी नऊ वर्षांची मुलगी अंकोर वाटमध्ये कंटाळली. ता प्रोहमच्या देवळातून मात्र तिला बाहेर काढता येईना. छपरावरून खाली उतरलेली झाडांची मुळं किती जाड आहेत ते ती आपल्या हातांनी हवेत मापत होती. तिथे आपल्या पुरातत्त्व खात्याने डागडुजीचं काम केलं आहे, हे फलकावर वाचून तिला केवढा आनंद झाला!

*

वर सगळ्यांनी छोट्या फेरीबद्दल लिहिलंय: अंकोर वाट, अंकोर थोम, ता प्रोहम. ज्याला एकच दिवस आहे त्याने तीच करावी. पण दोन दिवस असतील तर दुसऱ्या दिवसाची ग्रुप टूर अशी शोधा, जी बांतेय स्रेईच्या देवळाला जाते.

मुख्य देवळांपासून ते लांब आहे, ईशान्येला. एकट्याने गाडी केली तर महाग पडतं. इथे वाटून घेतलेली व्हॅन खरी उपयोगी पडते. मी शिल्पं बघायलाच प्रवास करतो, आणि अंकोरमध्ये मला सगळ्यात जास्त काय भिडलं असेल तर हे लहानसं शिवमंदिर. इ. स. ९६७ मधलं, म्हणजे अंकोर वाटच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीचं. राजाने नव्हे, यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधवलेलं. दगड गुलाबी, आणि कोरीवकाम असं की लाकडात केलंय असं वाटावं. दारं इतकी ठेंगणी की मोठ्या माणसाला वाकावं लागेल.

दक्षिणेकडच्या छोट्या वास्तूच्या माथ्यावर रावण कैलास हलवतोय. वेरूळच्या लेण्यात हाच प्रसंग आपण प्रचंड आकारात पाहिलेला असतो. इथे तो छोट्या पट्ट्यांत बसवलाय: पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर, त्यावर घाबरलेले ऋषी आणि प्राणी, टोकाला शंकराला बिलगलेली पार्वती, आणि तळाशी अनेक तोंडांचा रावण. मी दुर्बीण नेली होती. आमच्या व्हॅनमधल्या नऊही जणांनी ती फिरवून फिरवून वापरली. उत्तरेकडच्या वास्तूवर खांडववनावर पाऊस पाडणारा इंद्र आहे. पावसाच्या रेघा तिरक्या कोरल्या आहेत, आणि त्यांच्यामधून एक नाग वर सरकतोय.

एक अडचण. काही टूर बांतेय स्रेईला शेवटी नेतात आणि अर्ध्या तासात उरकतात. सकाळी पहिलं तेच असेल अशी बघा. दगडाचा रंग कोवळ्या उन्हातच खुलतो आणि गर्दीही कमी असते. परतीच्या वाटेवर प्रे रूप किंवा पूर्व मेबोन यांपैकी एखादं देऊळ धरलेलं असतं. ती धावती झाली तरी चालतील.

*

अगदी थोडक्यात: भर दुपारी कुठलं देऊळ आहे ते बघा. ता प्रोहमला झाडांची सावली आहे, बायोनच्या वरच्या भागात जवळजवळ नाही. आमचं उलटं झालं आणि एप्रिलमध्ये दोन जणांना भोवळ आली. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. नुसती ओढणी खांद्यावर टाकून बाकानला चालत नाही, माझ्या मैत्रिणीला परत पाठवलं.

*

मी एकटी गेले होते. एकटीने टुकटुक करून फिरण्यापेक्षा ग्रुप टूर घेतली, कारण मला गाईड हवा होता आणि एकटीला तो परवडत नव्हता. निवडताना मी एकच गोष्ट केली. दोन-तीन कंपन्यांना लिहिलं: बायोनच्या बाहेरच्या भिंतीवरचे शिल्पपट दाखवता का? एकीने उत्तरात पुन्हा पत्रकच पाठवलं. एकीने लिहिलं, "हो, पूर्वेची आणि दक्षिणेची बाजू, ४० मिनिटं." तीच घेतली.

देवादिकांच्या कथा आपल्याला ओळखीच्या असतात. बायोनच्या त्या भिंतींवर मात्र साधी माणसं आहेत. बाजार, कोंबड्यांची झुंज, चुलीवर शिजणारं अन्न, आणि शेजारच्या चंपा राज्याच्या चाम सैन्याशी चाललेली नौकांवरची लढाई, जिच्या खाली पाण्यात मासे आहेत. आमचा गाईड पन्नाशीचा होता. एका कोपऱ्यात आगीवर काड्यांमध्ये धरून मासे भाजणारी माणसं होती. तिथे तो थांबला. म्हणाला, "माझी आजी अशीच भाजायची. ती गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो." साल त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ते ख्मेर रूजच्या कत्तलींचे दिवस असतील हे सगळ्यांना कळलं. मग त्याने छत्री मिटली आणि काड्या मधोमध चिरून त्यात मासा कसा धरायचा ते बोटांनी करून दाखवलं. गटातल्या एका आजोबांनी त्याला पुन्हा करायला सांगितलं, आणि त्याने पुन्हा केलं.